कमी शक्तीच्या स्पॅनिश टीव्ही केंद्राचा इतिहास कसा शोधायचा

माझी बहुतेक नोकरी दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांवर गेली. आम्ही त्याला एलपीटी म्हणायचो. निवृत्त झाल्यावर लेकीकडे चुला व्हिस्टाला राहायला आलो. हे गाव कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला लागून दक्षिणेला. मेक्सिकोची हद्द इथून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. शेजारी एक आजी राहतात, मूळच्या मेक्सिकोच्या. त्यांच्या छपरावर जुनी अँटेना आहे. आसपासच्या घरांवर ज्या थोड्या अँटेना उरल्यात त्या टीव्हीचे मनोरे असलेल्या सॅन मिगेल डोंगराकडे किंवा उत्तरेला माउंट सोलेदादकडे वळलेल्या. आजींची एकटीची सरळ दक्षिणेला. अँटेना दिसली की तिचं तोंड कुणीकडे आहे ते आधी पाहायचं, ही माझी नोकरीतली सवय. लेकीला दुभाषी करून विचारलं, दक्षिणेला का? आजी म्हणाल्या, "तिहुआना. तेव्हा आमच्या भाषेतलं सगळं तिकडूनच यायचं."

तिहुआना म्हणजे हद्दीपलीकडचं मेक्सिकोचं शहर. त्या उत्तरापासून माझं काम सुरू झालं. गेलं दीड वर्ष मी सॅन डिएगोतल्या स्पॅनिश टीव्हीचा, त्यातही कमी शक्तीच्या केंद्रांचा, माग काढतो आहे. मोठ्या केंद्रांचे इतिहास लिहिले जातात, त्यांचे वाढदिवस साजरे होतात. छोटं केंद्र मात्र एक दिवस चॅनल बदलतं, मालक बदलतो, नाव बदलतं आणि ते पाहणाऱ्या माणसांखेरीज कुणाच्या लक्षातही राहत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांच्या आसपास अशी केंद्रं नक्की असतील. वेळ आणि चिकाटी असेल तर त्यांचा इतिहास कुणालाही काढता येतो. मी जसा काढला तसं सांगतो.

कमी शक्ती म्हणजे काय

आपल्याकडे इन्सॅट-१बी १९८३ साली वर गेला आणि पुढच्याच वर्षी देशभर एलपीटी उभी राहिली. काही महिने तर जवळजवळ रोज एक. शंभर वॅटचा प्रक्षेपक, उपग्रहाचा संकेत उतरवून घेणारी तबकडी, बेताच्या उंचीचा मनोरा. कार्यक्रम आमचा नसायचा. वरून उतरवायचा आणि गावाभोवती सोडायचा, एवढंच काम.

अमेरिकेत एफसीसी या नियामक संस्थेने कमी शक्तीच्या केंद्रांचा वेगळा वर्ग केला तो १९८२ साली. इथे मात्र या केंद्राला स्वतःचा कार्यक्रम करण्याची मुभा होती, आणि ती सरकारी नव्हे तर खाजगी मालकीची होती. अर्ज इतके आले की १९८३ पासून परवाने चक्क सोडत काढून वाटावे लागले. म्हणून जुन्या कागदात परवान्याचा पहिला मालक एखाद्या दूरच्या राज्यातला, टीव्हीशी काही संबंध नसलेला निघाला तर गोंधळू नका. त्याने सोडतीत परवाना मिळवला आणि पुढे विकला असणं अगदी शक्य आहे.

आज यूएचएफवर (१४ पासून वरची चॅनलं) अशा केंद्राला १५ किलोवॅटपर्यंत आणि व्हीएचएफवर (२ ते १३) ३ किलोवॅटपर्यंत परवानगी आहे. आमच्या शंभर वॅटसमोर हा आकडा प्रचंड वाटेल, पण हा ईआरपी आहे, म्हणजे अँटेनाने एका दिशेला गोळा केलेली शक्ती धरून काढलेला आकडा. आमचे शंभर वॅट प्रक्षेपकातून बाहेर पडणारे होते. कागद वाचताना या दोन आकड्यांची तुलना कधी करू नका.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द "दुय्यम". कमी शक्तीचं केंद्र कायद्याने दुय्यम असतं. पूर्ण शक्तीच्या केंद्राला त्या चॅनलची गरज पडली की याने उठायचं, दुसरी जागा शोधायची आणि मिळाली नाही तर बंद व्हायचं. त्याच्या इतिहासातली बहुतेक वळणं या एका शब्दातून येतात. नोव्हेंबर १९९९ च्या कायद्याने काही केंद्रांना "क्लास ए" दर्जा देऊन संरक्षण दिलं. त्यासाठी दिवसाला १८ तास प्रक्षेपण आणि आठवड्याला सरासरी ३ तास स्थानिक कार्यक्रम, ही अट. हा दर्जा कुणी मिळवला आणि कुणी नाही, हे पहिल्याच दिवशी टिपून ठेवा.

पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

टीव्हीला साधी अँटेना जोडा, चॅनल स्कॅन करा आणि जे जे स्पॅनिश दिसेल ते वहीत लिहा. सॅन डिएगोत युनिव्हिजन हे स्पॅनिश नेटवर्क १७ वर दिसतं. ते केबीएनटी-सीडी, एंट्राव्हिजन कंपनीचं. दुसरं स्पॅनिश नेटवर्क टेलेमुंडो स्वतःला "टेलेमुंडो २०" म्हणवतं, पण त्याचं कमी शक्तीचं केंद्र केयूएएन-एलडी हे पोवे या गावाच्या नावाने परवाना घेतलेलं आणि ४८ आकड्याचं. २०१७ साली तोच कार्यक्रम एनबीसी या इंग्रजी नेटवर्कच्या केएनएसडी केंद्राच्या ३९-२० या उपवाहिनीवरही सुरू झाला. एका वाहिनीचे तीन आकडे! डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावरचा आकडा हा फक्त नावाची पाटी असतो, खरी फ्रीक्वेन्सी वेगळी. इथलं फॉक्सचं केंद्र अँटेनावर अजून ६९ दाखवतं, मात्र ५२ ते ६९ ही चॅनलं २००९ सालीच पूर्ण शक्तीच्या केंद्रांकडून काढून घेतली गेली. तेव्हा वहीत प्रत्येक केंद्रासाठी तीन रकाने करा: पाटीचा आकडा, खरं चॅनल आणि लोक तोंडाने म्हणतात तो आकडा. लोकांशी बोलताना तिसरा कामी येतो, कागद चाळताना दुसरा.

नावातही माहिती असते. के म्हणजे ढोबळमानाने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचं केंद्र, डब्ल्यू पूर्वेचं, एक्सई किंवा एक्सएच मेक्सिकोचं. मागे एलडी म्हणजे कमी शक्तीचं डिजिटल, सीडी म्हणजे क्लास ए डिजिटल. जुन्या कागदात त्याच जागी एलपी आणि सीए. जुनी नावं तर आणखी सोपी: एक अक्षर, मग चॅनलचा दोन आकडी क्रमांक, मग ओळीने येणारी दोन-तीन अक्षरं. मधल्या आकड्यावरून ते केंद्र तेव्हा कोणत्या चॅनलवर होतं ते लगेच कळतं.

पण नावाच्या मागे धावू नका. मी धावलो आणि तीन आठवडे गेले. एका केंद्राने सोडलेली अक्षरं दुसऱ्याने घेतली होती. मी दोघांचा इतिहास एकच समजून वही भरत गेलो आणि शेवटी दहा पानं फाडावी लागली. धरायचा तो "फॅसिलिटी आयडी". एफसीसी प्रत्येक केंद्राला हा क्रमांक देते आणि मालक, नाव, चॅनल, गाव काहीही बदललं तरी तो बदलत नाही. एफसीसीच्या एलएमएस या संगणकीय नोंदवहीत केंद्राचं आजचं नाव टाका, क्रमांक मिळवा, वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहा आणि पुढचा सगळा शोध त्यावरूनच करा.

कागद कसे वाचायचे

इथे घाई करू नका. जुन्या अर्जांवर फॉर्मचे क्रमांक दिसतील. कमी शक्तीच्या केंद्रासाठी ३४६ म्हणजे उभारणीची परवानगी, ३४७ म्हणजे उभारून झालं, आता परवाना द्या, आणि ३४५ म्हणजे मालकी दुसऱ्याकडे जात आहे. नव्या पद्धतीत हे क्रमांक बदललेत, पण जुन्या काळासाठी तीन पुरेत. ३४६ आणि ३४७ यांच्यामधलं अंतर बघा. दोन-तीन वर्षांचं असेल तर तिथे काहीतरी अडलं होतं, पैसा किंवा मनोऱ्याची जागा. ३४५ सोबत बहुतेक वेळा विक्रीचा करार जोडलेला असतो. त्यात किंमत असते, कधी प्रक्षेपक नि अँटेनाची यादीही. ही यादी वाचताना मला आमच्या केंद्राची जुनी डेडस्टॉक नोंदवही आठवते.

अभियांत्रिकीचं परिशिष्ट लोक वगळतात, ते वगळू नका. त्यात मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश, उंची, शक्ती आणि अँटेनाची दिशा असते. ती जागा नकाशावर मांडली की केंद्राला कोणती वस्ती हवी होती ते डोळ्यांना दिसतं. गाव बदलत नाही पण मनोरा वीस किलोमीटर सरकतो, तेव्हा प्रेक्षकांचा एक भाग सुटतो आणि दुसरा जोडला जातो. हे वाक्य कोणत्याच अर्जात लिहिलेलं नसतं. आकड्यांमधून तुम्हालाच काढावं लागतं.

आणखी एक कागद जपून बघा: केंद्र बंद असल्याची सूचना. सलग बारा महिने प्रक्षेपण झालं नाही तर परवाना आपोआप संपतो. म्हणून पडद्यावरून गायब झालेलं एखादं केंद्र वर्ष भरायच्या आत थोडे दिवस चालू होतं आणि पुन्हा थांबतं. कागदावर ते सलग जिवंत असतं, शेजारी मात्र म्हणतात की ते कधीच बंद पडलं. दोघंही खरं सांगत असतात.

क्लास ए केंद्र असेल तर त्याची सार्वजनिक फाइल इंटरनेटवर मिळते. दर तिमाहीला त्यांना गावाचे कोणते प्रश्न कोणत्या कार्यक्रमात घेतले याची यादी द्यावी लागते. कार्यक्रमांच्या टेपा बहुतेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. एका जुन्या कर्मचाऱ्याने मला सांगितलं की कार्यालय हलवताना त्यांच्याकडच्या सगळ्या टेपा कचऱ्यात गेल्या. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. अशा वेळी या कोरड्या याद्याच कार्यक्रमांची शेवटची खूण असतात, म्हणून त्या लगेच उतरवून घ्या.

१९८० आणि ९० च्या दशकासाठी "ब्रॉडकास्टिंग" हे व्यवसायाचं साप्ताहिक आणि त्याचं वार्षिक यिअरबुक बघा. वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या संकेतस्थळावर दोन्हींचे अंक फुकट वाचता येतात. साप्ताहिकात अर्ज, मंजुरी, विक्री अशा बारीक अक्षरांतल्या नोंदी असत. तिथे जुनं आकडेवालं नाव टाकून शोधा, आजचं टाकलंत तर काहीच हाती लागणार नाही.

तारखांची पट्टी

एका लांब कागदावर राष्ट्रीय घडामोडी आधी लिहून घ्या आणि तुमच्या केंद्राची वळणं खाली मांडा. माझ्या पट्टीवर आहे ते असं. १९६१ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं स्पॅनिश केंद्र हाताशी धरून स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्कची सुरुवात. सप्टेंबर १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला केएमईएक्स हे स्पॅनिश केंद्र. १९८७ साली त्या नेटवर्कचं नाव युनिव्हिजन झालं आणि त्याच वर्षी टेलेमुंडो देशव्यापी झालं. १२ जून २००९ ला पूर्ण शक्तीच्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग बंद, पण कमी शक्तीच्या केंद्रांना सवलत, ती १३ जुलै २०२१ पर्यंत. म्हणजे बारा वर्षं छोटी केंद्रं जुन्या पद्धतीने चालू शकत होती, आणि जुना टीव्ही न टाकलेली घरं ती बघू शकत होती.

सर्वांत मोठा धक्का २०१७ चा. टीव्हीची ३८ ते ५१ चॅनलं लिलावात मोबाइल कंपन्यांना गेली. सगळ्यात मोठा हिस्सा टी-मोबाइलने घेतला. पूर्ण शक्तीच्या आणि क्लास ए केंद्रांना लिलावात भाग घेऊन पैसे मिळवता आले. साध्या कमी शक्तीच्या केंद्रांना नाही. त्यांना फक्त उठून जायचं होतं. २०१८ च्या वसंतात नव्या जागेसाठी अर्ज करण्याची खास मुदत मिळाली आणि त्याच वर्षी संसदेने त्यांच्या व छोट्या पुनःप्रक्षेपण केंद्रांच्या खर्चासाठी १५ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली. तुमच्या केंद्राने २०१८ ते २०२१ मध्ये चॅनल बदललं असेल तर कारण बहुधा हेच. माझ्या मते हा अन्याय होता. ज्यांचे प्रेक्षक सगळ्यात गरीब, त्यांनाच आधी उठवलं गेलं.

स्पॅनिश नेटवर्कांच्या नावाच्या पाट्याही लिहा. टेलेफुतुरा २००२ ला आलं, २०१३ ला त्याचं उनिमास झालं. मुंडोफॉक्स २०१२ ला आलं, मुंडोमॅक्स बनून २०१६ अखेर संपलं. अझ्टेका अमेरिका २०२२ बरोबर बंद झालं. या तारखांना पाटी बदललेली दिसली तर त्यामागे स्थानिक कारण शोधत बसू नका.

पट्टीवर स्थानिक भूगोलही हवा, आणि इथे सॅन डिएगो निराळं आहे. सॅन डिएगो आणि तिहुआना एकच आकाश वापरतात. व्हीएचएफची चॅनलं दोन देशांनी करार करून वाटून घेतली: सॅन डिएगोला ८ आणि १०, तिहुआनाला ६ आणि १२. तिहुआनाच्या ६ वर १९५३ साली एक्सईटीव्ही सुरू झालं, तेही इंग्रजीत, सॅन डिएगोच्या प्रेक्षकांसाठी. ती इंग्रजी सेवा मे २०१७ पर्यंत चालली. १२ वर १९६० साली एक्सईडब्ल्यूटी आलं, ते स्पॅनिश. इकडच्या पूर्ण शक्तीच्या जागा इंग्रजी केंद्रांनी भरल्या. एवढी मोठी स्पॅनिश वस्ती असलेल्या शहरात युनिव्हिजन कमी शक्तीच्या केंद्रावर का, या प्रश्नाचं उत्तर मला या वाटणीत सापडलं. टेलेमुंडोही कितीतरी वर्षं तिहुआनाच्या एक्सएचएएसवरून, चॅनल ३३ वर, यायचं.

माणसांशी बोलताना

कागद झाल्यावरच माणसांकडे जा. आधी गेलात तर काय विचारायचं ते कळत नाही. "त्या केंद्राबद्दल सांगा" असं विचारलं तर माणूस म्हणतो, छान होतं. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. टीव्ही कोणत्या खोलीत होता? अँटेना कोण फिरवायचं? रिमोटवर कोणता आकडा दाबायचा? चित्रावर मुंग्या यायला कधी लागल्या? स्पॅनिश येत नसेल तर दुभाषी घ्या, पण उत्तर त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. मी मंडईत भाजीवाल्याकडे, लाँड्रीत, सलूनमध्ये विचारलं. सलूनमध्ये टीव्ही दिवसभर चालू असतो आणि चालवणाऱ्याला तारखा पक्क्या आठवतात.

आठवण कागदाशी जुळली नाही तर आठवण चूक असं लगेच ठरवू नका. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, एकदा तिहुआनाचं चित्र गेलं, मग दोन दिवसांत परत आलं, मग पुन्हा कायमचं गेलं, आणि नातवाने डबा, म्हणजे डिजिटल संकेत घेणारा सेट-टॉप बॉक्स, आणून बसवला. मी वहीत समोर प्रश्नचिन्ह टाकलं. प्रक्षेपक असा बंद-चालू-बंद होत नाही, हे मी नोकरीच्या अनुभवावरून म्हणालो. नंतर मेक्सिकोचा इतिहास वाचला. अ‍ॅनालॉग बंद करणारं मेक्सिकोतलं पहिलं शहर तिहुआना. २८ मे २०१३ ला बंद केलं. कितीतरी घरांत डबे नव्हते आणि जुलैत निवडणूक होती, म्हणून दोन दिवसांत पुन्हा चालू केलं. शेवटी १८ जुलैला कायमचं बंद झालं. आजींना तारीख आठवत नव्हती पण क्रम अचूक होता. मी लेकीला घेऊन गेलो आणि त्यांना ते वाचून दाखवलं. वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं तेही त्यांच्यासमोर.

दुसरी आठवण २०१७ ची. शनिवार १ जुलैला टेलेमुंडो तिहुआनाच्या ३३ वरून उठलं आणि सीमेच्या या बाजूला केयूएएनवर आलं. कागदावर ही एका करारबदलाची ओळ आहे. आजींच्या घरात मात्र दक्षिणेकडे वळलेल्या अँटेनाला ती वाहिनी दिसेनाशी झाली. रोजची मालिका अर्ध्यात राहिली. आठवड्याभराने नातवाने खिडकीला चिकटवायची चपटी अँटेना आणली. हे मी वहीत करारबदलाच्या ओळीखालीच लिहिलं, वेगळ्या पानावर नाही.

स्थानिक वृत्तपत्रंही याच टप्प्यात वाचा. सॅन डिएगोत "ला प्रेन्सा सॅन डिएगो" हे द्वैभाषिक साप्ताहिक १९७६ साली सुरू झालं. बातम्यांइतक्याच जाहिराती बघा. नव्या केंद्राची पहिली खूण बऱ्याचदा फर्निचरच्या दुकानाच्या किंवा वकिलाच्या जाहिरातीत, कोपऱ्यात छापलेल्या चॅनलच्या आकड्यात असते. सार्वजनिक ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाच्या माणसाला आधी नीट सांगा की काय हवं आहे. मला इथे फार मनापासून मदत मिळाली.

जमवलेलं सगळं तारीखवार लावा, प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते लिहा आणि एक प्रत ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला द्या. माणसांची नावं त्यांनी परवानगी दिली असेल तरच ठेवा. महाराष्ट्रात असाल तर आपल्या जुन्या एलपीटीसाठीही हीच रीत लागू पडते. २०२१ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद झाले, तिथली लॉगबुकं कुठे गेली ते आत्ताच विचारा.

एक तांत्रिक सूचना राहिली. छपरावरच्या अँटेनाची दिशा होकायंत्राने मोजत असाल तर लक्षात ठेवा, सॅन डिएगोत सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे ११ अंश पूर्वेला कलते. आपल्याकडे महाराष्ट्रात हा फरक जवळजवळ शून्य, म्हणून नोकरीत मला कधी त्याचा विचार करावा लागला नाही. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आजींची अँटेना तिहुआनाच्या मनोऱ्यांच्या डोंगराच्या बरीच बाजूला निघाली आणि मी चक्रावलो. दुरुस्ती केल्यावर रेघ बरोबर डोंगरावर गेली. नातू ती अँटेना उतरवायला मागे लागलाय, आजी नको म्हणतात. १२ नंबर अजून तिच्यावरच येतो. मी वहीत लिहिलं आहे: दिशा दक्षिण, किंचित पूर्वेला, स्थिती चालू.